दारातल्या माणसासाठी स्कॅनर

“साहेब, यातला कुठला ठेवू आणि कुठला गाडीत टाकू?” प्रसन्नने विचारलं.

“दोन्ही गाडीत टाक,” मी म्हणालो.

प्रसन्न हा कोल्हापूरच्या एका डीलरचा सेल्समन. डेमोसाठी दोन स्कॅनर घेऊन घाट उतरून रत्नागिरीत आला होता. आमच्या वाचनालयात पेपर वाचायचं जे लांबडं टेबल आहे, त्यावर त्याने दोन्ही मशीन मांडली होती. त्यामुळे रोजची मंडळी मांडीवर पेपर घेऊन बसली होती आणि आमच्याकडे रागाने बघत होती. त्यात मी हे असं बोललो. प्रसन्नचा चेहरा पडला. वाचनालयाचा कार्यवाह अविनाश माझा शाळेतला मित्र. त्याने मला कोपराने ढोसलं.

“श्रीध्या, तो एवढ्या लांबून आलाय. नीट बोल जरा.”

मी माझ्या मते नीटच बोललो होतो. पण त्यासाठी आधीची हकिकत सांगायला हवी.

गावातला एक जुना फोटो स्टुडिओ कधीच बंद पडला होता. त्याच्या मालकाच्या नातवाने माळ्यावरच्या निगेटिव्हच्या पेट्या वाचनालयाला देऊन टाकल्या. म्हणजे आपली अडगळ आमच्या गळ्यात मारली, असं आधी मला वाटलं. पेट्या उघडल्या तेव्हा वाटेनासं झालं. आत गावाच्या दोन पिढ्यांची तोंडं होती. लग्नं, मुंजी, शाळांचे निरोप समारंभ, नवीन शिवलेला कोट घालून ताठ बसलेले मास्तर. सगळ्यांना आमची खारी, दमट हवा लागली होती. काही फिल्मना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला होता, काहींवर बुरशीची नक्षी उमटली होती, बऱ्याच एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. दर पावसाळ्याला त्यातली काही तोंडं कायमची पुसली जाणार होती. कमिटीने बरीच चर्चा करून एका स्कॅनरला मंजुरी दिली. एकाच. चुकीचा घेतला तर पुढली कमिटी येईपर्यंत त्याच्याशीच संसार करायचा होता.

मला बोलावलं, कारण मी मुंबईत तीसेक वर्षं ड्रम स्कॅनर चालवला. ड्रम स्कॅनर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक पारदर्शक नळकांडं असतं. त्यावर खास तेल लावून फिल्म गुंडाळायची आणि चारी बाजूंनी टेपने ताणून बसवायची. मग नळकांडं गरगर फिरतं आणि उजेडाचा एक बारीक ठिपका फिल्ममधून आरपार जात चित्र वाचत जातो. मशीन कपाटाएवढं, आणि त्याचा रुबाब त्याहून मोठा. कॅलेंडरवरचे देव, बिस्किटांची वेष्टनं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. टेबलावर ठेवायच्या सपाट स्कॅनरला आम्ही ड्रमवाले ‘टोस्टर’ म्हणायचो. आणि आता मला दोन टोस्टरमधून एक निवडायला सांगत होते.

“हे बघ,” मी अविनाशला म्हणालो, “मुंबईत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे अजून ड्रम चालू आहे. पेट्या तिकडे पाठवू.”

“सगळ्या? रस्त्यात भिजल्या तर? हरवल्या तर?”

“निवडक पाठवू.”

“आणि मोबाईलनेच फोटो काढले तर?”

“काढ ना. मग पुस्तकंही विकून टाक आणि कपाटात पुस्तकांचे फोटो ठेव.”

पेपरवाल्यांपैकी एकजण हसला. प्रसन्नला तेवढाच धीर आला.

आता निवडीचं सांगतो, कारण पुष्कळांना यात फसताना पाहिलंय. कागद स्कॅन करताना उजेड खालून पडतो आणि कागदावरून परततो. फिल्ममधून मात्र उजेड आरपार जावा लागतो. म्हणून स्कॅनरच्या झाकणात वेगळा दिवा हवा. ऑफिसातल्या मशीनच्या झाकणात तो नसतो. प्रसन्नच्या धाकट्या मशीनमध्ये होता, पण दोन बोटं रुंदीची नुसती पट्टी. पूर्वीच्या साध्या कॅमेऱ्यातला रोल त्यावर मावतो. आमच्या निगेटिव्ह होत्या ‘हाफ प्लेट’, म्हणजे पोस्टकार्डाहून मोठ्या सुट्या फिल्मा. त्या पट्टीवर हाफ प्लेट बघणं म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं.

मोठ्या मशीनच्या झाकणात पूर्ण काचभर दिवा होता. प्रसन्न त्याच्या खोक्यावरचे, मशीन किती बारीक बघतं त्याचे आकडे वाचून दाखवू लागला. त्याला मी थांबवलं. खोक्यावरचा आकडा म्हणजे लग्नाच्या स्थळाने सांगितलेला पगार. त्यातला थोडाच भिंगाने खरोखर पाहिलेला, बाकी कॉम्प्युटरने आपल्या मनाने भरलेला. शिवाय निगेटिव्हच मोठी असेल तर एवढ्या आकड्यांची गरजही नसते.

“मग काय बघायचं असतंय साहेब?” प्रसन्नने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, की ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून विचारत होता, कोण जाणे.

“टेस्ट,” मी म्हणालो. “अविनाश, एखादी निगेटिव्ह दे.”

अविनाशने खिशातून पाकीट काढावं तसं शर्टाच्या आतून एक पाकीट काढलं. तेव्हाच मला कळलं की हा सकाळपासून वाट बघतोय.

ती त्याच्या आजोळची निगेटिव्ह होती. पेट्या आल्या तेव्हा त्याने सगळ्यात आधी हीच शोधून काढली होती. गणपतीत घराच्या ओटीवर काढलेला ग्रुप. मधे खुर्च्यांवर अविनाशचे आजोबा-आजी आणि त्यांच्याभोवती त्यांची सात मुलं. मागे घराचं उघडं दार, आतल्या काळोखाचं. त्या दारात सगळ्यात थोरला, दादामामा. त्याच्या पुढे सगळ्यात धाकटी, सहा वर्षांची परकरातली मुलगी. ती अविनाशची आई, आमच्या सुलभाकाकू. बाकी सगळे हात बांधून कॅमेऱ्यात बघत होते. काकूंचा एक हात मात्र आडवा ताणलेला आणि दाराची चौकट घट्ट पकडलेली. आणि दादामामाची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, किंचित खाली होती.

“आईकडची प्रिंट वाळवीने खाल्ली,” अविनाश म्हणाला. “आता त्या सातांतली एकटी आईच राहिलीय. पुढच्या महिन्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन. साड्या नकोत, दागिने नकोत, म्हणाली. दादाचा फोटो तेवढा आणून द्या.”

दादामामा बोटीवर नोकरीला होता. या फोटोनंतर सफरीवर गेला, आणि कुठल्याशा परक्या बंदरात तापाने वारला. सगळं तिकडेच उरकलं. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. काकू आम्हाला लहानपणी सांगायच्या, “दादा अस्सा माझ्या पाठीशी उभा होता बघ.” सांगताना मान मागे वळवायच्या.

मी निगेटिव्ह उजेडावर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळोखाची जागा पारदर्शक आणि पांढरा सदरा काळाकुट्ट. नऊच्या नऊ माणसं जागेवर होती. पण कडेला बोट लागलं तेव्हा जाणवलं की फिल्म एक नाही, दोन आहेत. वरची जवळजवळ कोरी दिसत होती. कडांना तपकिरी डाग होते आणि मधे दोन्ही फिल्मा एकमेकींपासून किंचित फुगल्या होत्या.

यात मला नवल वाटलं नाही. रत्नागिरीत काय चिकटत नाही? पावसाळ्यात पाकिटं चिकटतात, तिकिटं चिकटतात, डब्यातले पापड चिकटतात. चिकटलेलं सोडवायचं, एवढंच आमच्या हातांना ठाऊक. वर झाकण म्हणून कुणीतरी कोरी फिल्म ठेवली असणार आणि ओलीने ती बसली असणार, असं मी ठरवून टाकलं.

“डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवतो,” मी अविनाशला म्हणालो. “वरची कोरी सुटली की खालची मुंबईला ड्रमवर पाठवू. वरची फाटली तरी काय बिघडत नाही.”

अविनाशने मान डोलावली. चिकटलेल्या बाकीच्या निगेटिव्हसाठी ट्रे आणि पाण्याची बाटली मी घरून आणलीच होती. ट्रेमध्ये पाणी ओतलं. फिल्म पाण्यावर धरली.

“साहेब,” प्रसन्न म्हणाला, “भिजवायच्या आधी एकदा आमच्या मशीनवर तर घेऊन बघा की ओ! नंतर म्हणशीला, ओल्या फिल्मनं काच खराब झाली.”

त्याला आपल्या काचेची काळजी होती. मला त्याचं मन मोडवेना, सकाळी एकदा मोडून झालं होतं. ‘घे बाबा’ म्हणालो आणि ट्रे बाजूला सरकवला.

फिल्म सरळ काचेवर ठेवली तर रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात तशी वलयं चित्रात येतात. म्हणून फिल्म एका चौकटीत धरून काचेपासून थोडी उचलायची असते. मशीनबरोबर आलेल्या चौकटीत हाफ प्लेट बसेना. चौकट हल्लीच्या फिल्मच्या मापाची होती. वाचनालयात हापूसची एक रिकामी पुठ्ठ्याची पेटी पडली होती. तिचा पुठ्ठा कापून मी चौकट केली. टोस्टरच्या नावाने कितीही बोटं मोडली तरी हाताला काम मिळाल्यावर माझा राग निवळतो.

स्कॅन झाला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला. आजोबांच्या उपरण्याची वीण दिसत होती, आजीच्या नथीतला मोती दिसत होता. काकूंच्या मुठीतली दाराच्या चौकटीची फळी, तिच्या शिरा, सगळं खणखणीत. फक्त दादामामा पुसट.

“हलला असेल,” अविनाश म्हणाला.

मलाही आधी तेच वाटलं. पण माणूस हलला की चित्र एका बाजूला ओढल्यासारखं होतं. दादामामा ओढला गेला नव्हता. तो सगळीकडून सारखाच मऊ झाला होता. हे हलणं नव्हे, हा फोकसचा प्रश्न. आणि त्याच्या अगदी शेजारची चौकट धारदार होती. एकाच फिल्मवर, एकाच जागी, एक गोष्ट धारदार आणि दुसरी पुसट?

मी फिल्म उलटी केली, वरची बाजू खाली, आणि पुन्हा स्कॅन केला. या खेपेला सगळं घर पुसट झालं. आजोबा, आजी, सहा भावंडं, ओटी, सगळी धुक्यात. आणि दारात दादामामा, कोटाच्या बटणांसकट, लख्ख.

मी खुर्चीत बसलो.

दादामामा खालच्या फिल्मवर नव्हताच. ज्या फिल्मला मी कोरी म्हणत होतो, तिच्यावर तो एकटा होता. मधल्या फुगीमुळे एका वेळी एकच फिल्म फोकसमध्ये येत होती. काळ्या पडद्यापुढे काढलेला फोटो, त्यामुळे त्याच्याभोवतीची सगळी फिल्म पारदर्शक. खालच्या फिल्मवर दाराचा काळोख, तोही पारदर्शक. दोन्ही एकावर एक बरोबर जुळवल्या की माणूस दारात उभा. कडेचे तपकिरी डाग ओलीचे नव्हते. तो डिंक होता. स्टुडिओवाल्याने हाताने लावलेला.

ट्रेमधलं पाणी मी उठून बाहेरच्या कुंडीत ओतलं. ओली फिल्म ओढून सोडवली की तिच्यावरचा चित्राचा थर साबणाच्या फेसासारखा निघून येतो. काकूंच्या दादाला मी पाण्यात धुऊन टाकणार होतो, आणि वर म्हणणार होतो, कोरीच तर होती.

अविनाश स्क्रीनकडे बघत होता. “म्हणजे दादामामा त्या दिवशी नव्हताच?”

“नव्हता.”

“आई म्हणते, तो तिच्या पाठीशी उभा होता. तिची तेवढी एकच आठवण आहे रे त्याची.”

“तिला सांगू नकोस.”

“आणि तिने विचारलं तर? मी आजवर आईशी खोटं बोललेलो नाही.”

“दहावीच्या चाचणीचे मार्क?” मी म्हणालो. तो हसला नाही.

स्कॅनरचा निकाल मात्र लागला होता. ड्रम बाद. ड्रमवर फिल्म ताणून गुंडाळली असती तर डिंक सुटला असता आणि दादामामा दारातून सरकला असता. या कामाला असं मशीन हवं होतं, जे फिल्मला सपाट, आहे तशी, ताण न देता ठेवील आणि चौकटीची उंची कमी-जास्त करू देईल, म्हणजे वेगवेगळ्या पातळीवर फोकस घेता येईल. मोठ्या मशीनच्या चौकटीला ती सोय होती. माझ्या चौकटीला पुठ्ठ्याचे थर होते.

“प्रसन्न, हे मोठं ठेव. धाकटं गाडीत टाक.”

“सकाळपास्नं हेच तर सांगत होतो की ओ!”

सांगत नव्हता, पण मी वाद घातला नाही.

पुढचे काही दिवस मी त्या निगेटिव्हचे दोन स्कॅन घेतले, एक घरासाठी, एक दादामामासाठी. मग कॉम्प्युटरवर दुसऱ्यातला दादामामा उचलून पहिल्याच्या दारात उभा केला. स्टुडिओवाल्याने डिंकाने जे केलं होतं तेच मी माऊसने केलं. त्याची जागा मी केसभरही बदलली नाही. स्टुडिओवाल्याला ती माझ्यापेक्षा चांगली कळली होती.

मोठी प्रिंट घेऊन आम्ही दोघं काकूंकडे गेलो. काकूंनी आधी पदराने हात पुसले. खिडकीपाशी फोटो धरला, आईवडिलांना नमस्कार केला, मग एकेकाचं नाव घेत बोट फिरवलं, कागदाला न लावता. दादापाशी बोट थांबलं.

“पूर्वीच्या फोटोत दादा वाईच पुसट होता रे. आता कसा डोळ्यांपुढे आला.”

अविनाशने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“काय रे, तोंडं अशी का करून बसलात? चहात साखर नाही काय?”

“आई, एक सांगायचंय,” अविनाश म्हणाला. “दादामामा त्या दिवशी…”

“नव्हता,” काकू म्हणाल्या.

अविनाशने कप खाली ठेवला.

“तुला ठाऊक होतं?”

“मला नाही तर कोणाला असणार? मी काय खुळी आहे काय? गणपतीला दादाची बोट मुंबईला लागायची होती, ती लागली नाही. बाबा म्हणाले, फोटो पुढल्या वर्षी काढू. आई हटून बसली. सगळी पोरं एका जागी पुन्हा कधी जमतील, म्हणाली. तेव्हा स्टुडिओवाले अण्णा म्हणाले, दार रिकामं सोडा. दादा आला की माझ्याकडे पाठवा, मी त्याला दारात आणून उभा करतो. पण माझा भाऊ बंडू एका जागी राहील तर शपथ! मागे सरकून सारखा दारात. अण्णा काळ्या कपड्यात डोकं घालायचे नि परत बाहेर यायचे. शेवटी मला म्हणाले, सुले, ही दादाची जागा. तू धर. कोणाला शिरू देऊ नकोस.”

त्यांनी फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे बोट दाखवलं. दाराच्या चौकटीला आडवा लावलेला तो हात मी इतके दिवस पोरीचा वांडपणा समजत होतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी सहा वर्षांची काकू भावाची जागा धरून उभी होती.

“आणि मामा खाली का बघतोय?” मी विचारलं.

“माझ्याकडे बघतोय,” काकू म्हणाल्या. “शिमग्याला आला तेव्हा मी त्याच्यासोबत गेले स्टुडिओत. जागा मी धरलेली, मग मी नको? अण्णांनी त्याला पडद्यापुढे उभा केला आणि मला त्याच्या पुढ्यात खाली बसवलं, फोटोत येणार नाही अशी. समोर बघ, समोर बघ, म्हणाले. तो आपला माझ्याकडेच बघून हसतोय. मग अण्णा म्हणाले, राहू दे. तिकडच्या फोटोतपण ती तिथंच आहे.”

अविनाशने डोळे पुसले. मलाही चष्मा काढावा लागला.

“होता की नाही माझ्या पाठीशी?” काकू म्हणाल्या. “दिवस वेगळे असतील.”

सहस्रचंद्रदर्शन छान झालं. मुंबईहून भाचरं आली, अलोऱ्याहून भाची आली. अविनाशच्या मुलाला मात्र परदेशातून सुट्टी मिळाली नाही. ग्रुप फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले, तर काकूंनी आपल्या शेजारची खुर्ची हाताने धरून ठेवली. कोणाला बसू देईनात.

“आजी, जरा सरकून घ्या,” फोटोग्राफर म्हणाला. “मधे गॅप दिसतोय.”

“दिसू दे,” काकू म्हणाल्या.

मोठा टोस्टर वाचनालयात मजेत चालू आहे. त्याला आता मी टोस्टर म्हणत नाही, निदान त्याच्यासमोर नाही. अधूनमधून कोणी विचारतं, मोठ्या फिल्मसाठी कुठला स्कॅनर घेऊ? मी सांगतो, झाकणात पूर्ण दिवा हवा, चौकटीची उंची बदलता यायला हवी, आणि खोक्यावरचे आकडे वाचू नका. पण त्याही आधी फिल्म बघा. दोन चिकटलेल्या दिसल्या तर त्या चिकटल्यात की चिकटवल्यात, ते विचारून घ्या. सांगणारं माणूस हयात आहे तोवर.